दोन जेवणं आणि एक न्याहारी

“चमचा आधी बघायचा. बाकी सगळं नंतर. एकदा विमान वर गेलं, की चमचा मागायला शेजारचं दार नसतं.”

मोठ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि सांगताना मावशीच्या मनगटावर एक हलकी चापटी मारली होती. त्याला आता किती वर्षं झाली, मावशीनं मोजणं सोडून दिलं होतं. ट्रे पुढं नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या शेवटच्या जागेवर उभं राहून तिनं झाकण उचललं, की तो आवाज कानात उमटायचाच. चमचा आधी. मग पाव, मग भात, मग गोडाची वाटी, मग झाकण.

आजही आवाज आला होता. हात मात्र ऐकत नव्हते.

“मावशी! अहो मावशी, थांबवा पट्टा!”

मावशीनं दचकून लाल बटण दाबलं. पट्टा कुरकुरत थांबला. झाकण लागलेले ट्रे उचलून ट्रॉलीत सरकवायचं काम धाकटीचं. पट्ट्यावर सगळ्यांत नवी म्हणून धाकटी, एरवी दोन पोरांची आई. तिनं एक ट्रे कानाशी धरला आणि हलवला. मग दुसरा.

“मुका आहे हा. हा पण मुका.”

त्या स्वयंपाकघरात चमचा नसलेल्या ट्रेला मुका म्हणत. भरलेला ट्रे उचलला की चमचा काट्यावर खुळखुळतो, आणि हाताला सवय झाली की त्याकडे लक्षही जात नाही. खुळखुळ आली नाही तरच हात थबकतो.

“एक नाही, अख्खी रांग मुकी गेली असती आज,” धाकटी म्हणाली. “तुमच्या हातून? मला चिमटा काढा कुणीतरी.”

“काढते थांब,” मावशी म्हणाली. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. तिनं झाकणं काढली, चमचे ठेवले, पुन्हा झाकणं लावली. आपलीच बोटं आपल्याला परक्यासारखी वाटत होती.

“मावशी, बरं नाहीये का? की काकांशी भांडलात?”

“त्यांच्याशी भांडायला सवड कुठं असते? ते गाडीवर, मी पट्ट्यावर. चालव गं, चालव. आज दोन जेवणं आणि एक न्याहारी आहे. वेळ नाही.”

विमानतळाच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं हे स्वयंपाकघर विमानांसाठी जेवण बनवायचं. गाव किती लांब, हे तिथं कुणी मैलांत किंवा तासांत सांगत नसे. जवळचं गाव म्हणजे ‘चहा-पाव’. त्याच्या पुढचं ‘एक जेवण’. आणि सगळ्यांत लांबचं, समुद्रापलीकडचं जे शहर होतं, जिथं रोज दुपारी एक मोठं विमान जायचं, त्याचं नाव सुद्धा फारसं कुणी घेत नसे. ते म्हणजे ‘दोन जेवणं आणि एक न्याहारी’. वाऱ्याप्रमाणे विमानाचे तास कमीजास्त होतात. जेवणं होत नाहीत. त्यामुळे हे माप कधी चुकत नाही असं सगळ्यांना वाटे.

फक्त त्या मापात एक खोट होती. ज्या गावासाठी आपण रोज हातानं ताट वाढतो, ते गाव लांब वाटतच नाही. शेजारच्या गल्लीत डबा पोचवावा तसं वाटतं. मावशीची चूक झाली ती तिथं.

तो मोठ्या बाईंचा या स्वयंपाकघरातला शेवटचा दिवस होता; त्या आता मुलाकडं, त्याच लांबच्या शहरात राहायला जाणार होत्या. कपडे बदलायच्या खोलीत त्या बाकावर बसल्या होत्या आणि एप्रनच्या नाडीची गाठ त्यांना सुटत नव्हती. बोटांचे सांधे सुजून गाठीसारखेच झाले होते. मावशीनं मागं जाऊन गाठ सोडवली.

ती बोटं तशी का झाली, ते मावशीला ठाऊक होतं. मावशीला दिवस गेले होते, तेव्हा तिचं काम थंड खोलीत होतं. गोडाच्या वाट्या आणि फळं तिथं लावायची. आत शिरलं की श्वासाचा धूर दिसायचा. मोठ्या बाईंनी तिसऱ्याच दिवशी तिला हाताला धरून बाहेर आणलं, आपल्या जागी गरम भट्टीशी उभं केलं, आणि स्वतः आत गेल्या. “तुझ्या पोटात पोर आहे. माझ्या पोटात काय, चहाच तर आहे.” बाळंतपण होऊन मावशी कामावर परत आली, तरी ‘अजून अंग भरलं नाही तुझं’ म्हणत त्या आतच राहिल्या. मावशीची मुलगी चांगली गुटगुटीत झाली. मोठ्या बाईंची बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. यावर त्या दोघी कधी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

“पोरगा चांगला आहे माझा,” एप्रनची घडी घालत त्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “सूनही चांगली आहे. घर मोठं आहे म्हणे. सगळं चांगलंच आहे. पण नाही करमलं तर गं?”

“नाही करमलं तर मी येते की न्यायला.”

“येशील?”

“न यायला काय झालं? लांब थोडंच आहे? दोन जेवणं आणि एक न्याहारी. रोज तर पाठवतो आपण.”

दोघी खूप हसल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई ज्या विमानानं जाणार होत्या, त्याचे ट्रे लावताना, नेमका कोणता ट्रे त्यांच्या पुढ्यात जाईल हे कळायला मार्ग नाही म्हणून, मावशीनं प्रत्येक ट्रेमध्ये दोन दोन चमचे ठेवले होते. संध्याकाळच्या विमानाला चमचे कमी पडले. साहेब इतके तापले, की त्यांच्यावर अंडं फोडलं असतं तर शिजलं असतं. पण तिकडून मोठ्या बाईंचा पहिला फोन आला, तो हसतच. “अगं वेडे! सगळं विमान विचारत होतं, हा दुसरा चमचा कशाला? मी गप्प बसले. आणि एक चोरला. पर्समध्ये टाकला सरळ.”

मावशीनं त्याच महिन्यात पासपोर्ट काढला. यजमान म्हणाले होते, “कशाला? तू काय उडणार आहेस?” ती म्हणाली होती, “असू दे.” तो देवाच्या फोटोमागं ठेवला होता. आणि रोज डब्यातला पहिला घास हातात घेतला, की आधी देवाचं नाव आणि मग मोठ्या बाईंचं, असा तिनं नेम धरला होता. हा नेम तिनं कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

काल संध्याकाळी मोठ्या बाईंच्या मुलाचा फोन आला होता.

“काकू, आई तुमच्याशी बोलायचं म्हणतेय. जरा मोठ्यानं बोला.”

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. आणि मग एवढासा आवाज. “ये गं.”

“मोठ्या बाई? अहो, आवाज असा का झालाय?”

“न्यायला येते म्हणाली होतीस. ये.” थांबून त्यांनी पुन्हा श्वास घेतला. “जाताना वारा समोरून असतो. येताना पाठीशी. येताना जवळ पडतं. मला झेपेल. चोरलेला चमचा परत करायला तरी आलं पाहिजे ना मला.”

मावशीनं “येते” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग मुलानं फोन घेतला. तो दुसऱ्या खोलीत गेल्याचं पावलांवरून कळलं.

“काकू, ती काही खातच नाही. दोन चमचे भात, की ताट बाजूला. कुणाचा राग नाही, कुरकुर नाही, नुसतं ‘मला घरी जायचंय’. डॉक्टर म्हणाले, साडेअकरा तासांचा प्रवास आहे, हजारो मैल, या अवस्थेत विमानात बसवणं शक्यच नाही. अंगात काही उरलंच नाहीये. आमचं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल.” मग तो म्हणाला, “तिकीट मी पाठवतो. तुम्ही या, आणि तिला समजावून सांगा, की आता परत जायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर सुटेल तिचं मन.”

फोन ठेवल्यावर मावशी उभीच राहिली होती. रात्री तिनं पुसलेला ओटा पुन्हा पुसला, आणि सकाळी दिवा लावताना काडी विझली ती दोनदा.

दुपारी गाडी भरायची वेळ झाली तेव्हा ती माल चढवायच्या धक्क्यावर आली. यजमान ट्रॉल्यांना पट्टे आवळत होते. त्यांची गाडी साधी नव्हती. विमानाशेजारी उभी केली, की तिचा अख्खा डबा वर उचलला जायचा, थेट विमानाच्या दारापर्यंत.

“काय गं, पट्टा सोडून इकडं?”

“धाकटीला उभं केलंय पाच मिनिटं. अहो, सारखं इकडून तिकडं होतंय मला. एका जागी उभं राहवत नाही.”

“ते रात्रीच कळलं. ओटा झिजवलास की.”

“त्यानं तिकीट पाठवायचं म्हटलंय.”

यजमानांनी पट्टा ओढून पाहिला, मग खाली बसले. “मग जा.”

“जा काय? अहो, मी न्यायला येते म्हणून शब्द दिला होता. आणि आता जाऊन काय सांगायचं, की तुम्हाला न्यायचं नाही, इथंच राहा? हे सांगायला समुद्र ओलांडून जाऊ?”

“मग जाऊ नकोस.”

“न जाऊन कसं चालेल?”

“म्हणजे जायचंही नाही आणि राहायचंही नाही. मग मध्येच उतरवायला सांगतो पायलटला, समुद्रात.”

ती हसली नाही. यजमानांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. बोलले ते जरा हळू.

“समजा, आणल्यास. ठेवणार कुठं?”

“बाहेरच्या खोलीत. तिथं ऊन येतं.”

“आणि मी?”

“तुम्ही स्वयंपाकघरात.”

“म्हणजे माझी पण बदली,” ते म्हणाले. मग त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. “एक सांगू? इतकी वर्षं रोज विमानापर्यंत जातो मी. माणसं चढतात डाव्या दारानं, जेवण चढतं उजव्या दारानं. आपण उजव्या दाराची माणसं. ट्रॉली आत ढकलायची, सही घ्यायची, मागं फिरायचं. समोर डावं दार उघडं असतं, लोक आत येत असतात. त्यात कधी एक ओळखीचा चेहरा नाही दिसला मला. एकदा दिसला तर बरं वाटेल.”

हॉर्न वाजला. ते उठून गाडीत चढले.

साहेबांच्या खोलीत पंखा नुसता आवाज करत होता. साहेब वयानं मावशीहून बरेच लहान, पण वाईट माणूस नव्हता.

“मावशी, ऐन गर्दीचे दिवस आलेत. लांबची रजा फक्त घरच्यांसाठी देता येते. आजारपण, मयत, असं काही. कोण लागतात त्या तुमच्या?”

मावशीनं तोंड उघडलं. ‘बहीण’ म्हणणं किती सोपं होतं. साहेबांनाही तेच हवं होतं. त्यांनी मान किंचित हलवून तसं सुचवलंही. पण सकाळी देवापुढं दिवा लावलेला, आणि दुपारी खोटं बोलायचं, हे तिच्या जिभेला जमेना.

“कुणी लागत नाहीत.”

“मग?”

“माझ्या वाटणीच्या थंड खोलीत त्या उभ्या राहिल्या होत्या. माझी मुलगी व्हायची होती तेव्हा.”

साहेबांनी डोळे चोळले. “मावशी, हे मी वर काय म्हणून सांगू?”

“नका सांगू. मी जाणार आहे, एवढंच तुम्हाला सांगायला आले. न सांगता गेले असं नको.”

“जागा राखून ठेवता येणार नाही हं. शेवटची जागा आहे ती. झाकणाला दुसरी कुणीतरी लावावी लागेल. परत आलात तर कुठं मिळेल सांगता येत नाही. कदाचित थंड खोलीत.”

“चालेल,” मावशी म्हणाली, आणि दारापाशी वळून म्हणाली, “धाकटीला लावा. तिचा कान चांगला आहे.”

कागद व्हायला वेळ लागला. तिकडून परवानगी, इकडून शिक्का, फोटोत कान दिसत नाही म्हणून दुसरा फोटो. ते दिवस मावशीला काट्यावरून चालल्यासारखे गेले. जेवताना मध्येच उठायची, पाणी प्यायला गेली की कशाला उठलो ते विसरायची. देवळात बसली तर डोळे मिटले, की पट्टा दिसायचा. संध्याकाळी फोन लावून एकच विचारायचं, “आज?” आणि तिकडून उत्तर यायचं, “तेवढंच, काकू. दोन चमचे.” एक दिवस तो म्हणाला, “आज एक.” 

मुलगी सासरहून येऊन बॅग भरून गेली. “आई, दोन स्वेटर टाकलेत. तिकडं थंडी असते. आणि आजींना सांग, त्यांनी जपलेली पोर आता कंबर धरून बसतेय, वजन एवढं वाढलंय.” मावशी त्यावर हसली, आणि मग बॅग रिकामी करून पुन्हा भरायला बसली. जायचं ठरलं होतं, पण जाऊन काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. ‘नाही’ हा शब्द ती मनात घोळवून बघायची. तो तोंडात बसायचाच नाही, लहान मुलीला मोठ्या माणसाची चप्पल घातल्यासारखा निसटायचा.

एका दुपारी ती न्याहारीचे डबे लावत होती. त्याच लांबच्या विमानाचे. दोन जेवणांच्या ट्रॉल्या भरून झाल्या होत्या, आता शेवटची न्याहारी. उतरायच्या आधी देतात ती. छोटा पाव, लोणी, फळाच्या चार फोडी. झाकण लावता लावता तिचा हात थांबला.

“मावशी, परत मुका?” धाकटीनं विचारलं.

“नाही गं.” तिनं समोरच्या ट्रॉल्यांकडं बघितलं. “धाकटे, विमानात बसलेलं माणूस हे सगळं खातं?”

“खाणारं खातं. माझा दीर तर शेजारच्याचं पण खाऊन आला होता.”

“आणि जे एवढं खाईल, ते तिथवर पोचेल.”

“म्हणजे?”

“काही नाही. लाव तू.”

त्या संध्याकाळी फोनवर ती ‘आज?’ म्हणाली नाही.

“अरे, डॉक्टरांना एक विचार. मोठ्या बाई दिवसभरात दोन जेवणं आणि एक न्याहारी घ्यायला लागल्या, तर मग बसवतील का त्यांना विमानात?”

तिकडून थकलेला श्वास ऐकू आला. “काकू, ती धड दोन घास घेत नाहीये. तुम्ही कुठलं दोन जेवणांचं बोलताय?”

“ते मी बघते. तू विचार फक्त. आणि हे बघ, मी त्यांना नाही म्हणायला येणार नाही. खोटी आशा दाखवायलाही येणार नाही. मी जेवायला घालायला येईन. एवढं तुला चालत असेल तर तिकीट पाठव. नसेल तर मी माझं बघेन.”

तो मग म्हणाला, “लहानपणी मी जेवत नसलो, की आई म्हणायची, थांब, काकूला बोलावते.” त्याचा आवाज जरा ओला झाला होता. “विचारतो.”

दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन केला. डॉक्टर हसले नव्हते. म्हणाले, तेवढं खायला लागल्या तर पुढचं पुढं बघू. पण तेवढा वेळ आपल्या हातात आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही.

“आता त्यांना दे फोन,” मावशी म्हणाली.

श्वास. पुन्हा श्वास.

“मोठ्या बाई, कागद झाले. मी निघतेय परवा.”

“न्यायला?”

इतके दिवस ती याच प्रश्नाला भीत होती. आता भीती वाटली नाही.

“जेवायला घालायला. दोन जेवणं आणि एक न्याहारी. तेवढं घेतलंत, तर न्यायला.”

“अट घालतेस? मला?”

“तुम्हीच शिकवलंत. चमचा आधी. बाकी सगळं नंतर.”

तिकडून मग खोकल्यासारखा एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे तिला उशिरा कळलं.

“लबाड आहेस.” मग, “वारा कसा आहे?”

“येताना पाठीशी असतो, बाई.”

“हं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “ये लवकर.”

निघायच्या आदल्या दिवशी मावशी कामावरून घरी आली, तेव्हा बाहेरच्या खोलीतली खाट खिडकीशी सरकवलेली होती. तिच्यावर नवी चादर होती, कोपरे दुमडून खोचलेली. यजमानांचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली गुंडाळून ठेवलेलं.

“हे काय? आत्तापासून?”

“सवय नको का व्हायला?” ते म्हणाले. ते चहा गाळत होते, पाठमोरे. “नाहीतरी तू घोरतेस.”

तिनं चादरीवरून हात फिरवला. सुरकुती नव्हती, तरी फिरवला. ‘त्या आल्याच नाहीत तर?’ असं तिच्या मनात आलं, आणि त्यांच्याही आलंच असणार. दोघांनी चहा घेतला.

विमानतळावर रोज मागच्या फाटकानं जाणारी मावशी त्या दिवशी पुढच्या दरवाजानं आत गेली. आत सगळं चकचकीत होतं. हातात बॅग घट्ट धरून ती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली, बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेजारच्या बाईंनी विचारलं, “पहिल्यांदाच का?” ती म्हणाली, “हो. म्हणजे, जेवण रोज जातं माझं.” त्या बाईंनी हसून दुसरीकडं पाहिलं. समोरच्या पडद्यावर त्या शहराचं नाव, अंतर आणि वेळ लिहून आली. इतके हजार मैल, साडेअकरा तास. मावशीनं ते आकडे वाचले. मोठे होते. पहिल्यांदाच तिला ते गाव खरोखर लांब वाटलं.  तिनं मनात देवाचं नाव घेतलं, आणि मग सवयीनं दुसरंही.

रांग सुरू झाली. पत्र्याच्या बोळकांडीतून माणसं पुढं सरकत होती. बोळकांडी संपली, तिथं दार होतं. डावं दार.

तिनं पाय आत टाकला. आणि समोर, अगदी हाताच्या अंतरावर, उजवं दार उघडं होतं. बाहेर उन्हात त्यांची गाडी वर उचललेली उभी होती. दारात टोपी घालून यजमान उभे होते, शेवटच्या ट्रॉलीवर हात ठेवून. ती ट्रॉली केव्हाच आत जायला हवी होती. विमानातली मुलगी त्यांना म्हणतही होती, “काका, आज किती वेळ लावताय?”

त्यांनी मावशीकडं पाहिलं. नव्या चपला, हातात स्वेटर, केस नीट बांधलेले. मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं. मागून माणसं येत होती. थांबायला जागा नव्हती, आणि बोलण्यासारखं जे होतं ते घरी बोलून झालं होतं.

यजमानांनी ट्रॉलीची मूठ धरली आणि ती हलकीच, अगदी एवढीशी हलवली.

आत चमचे खुळखुळले. सगळे.

मावशीनं मान हलवली. यजमानांनी ट्रॉली आत ढकलली, सही घेतली आणि मागं फिरले. ते दार लागलं. तिनं हातातली बॅग सावरली आणि वाटेतल्या पायांना लागू नये म्हणून अंग चोरत, आपली जागा शोधत ती आत चालू लागली.